डिस्क रिकामी, तरी जागा नाही: दादरच्या एका ग्रंथालयातील सर्व्हर आणि त्याचे फर्मवेअर

दादर पश्चिमेला एका जुन्या दुमजली इमारतीत असलेल्या ग्रंथालयाचा सर्व्हर मी काही वर्षांपासून सांभाळतो. पुस्तकांचा कॅटलॉग, सभासदांच्या नोंदी आणि जुन्या मराठी मासिकांची स्कॅन केलेली पाने हे सगळे त्या एकाच टॉवरवर आहे. यंत्रावर डेबियन १० ही लिनक्स प्रणाली होती आणि तिचा दीर्घकालीन आधार (सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळण्याची मुदत) ३० जून २०२४ रोजी संपला. म्हणून १२ ऑगस्ट २०२४ हा सोमवार, म्हणजे ग्रंथालयाच्या सुट्टीचा दिवस, आम्ही बदलासाठी निवडला. नवी एक टेराबाइटची एसएसडी आणायची, तिच्यावर डेबियन १२ बसवायचे आणि जुन्या डिस्कला हातही लावायचा नाही, असे ठरले होते. काही बिनसलेच तर मंगळवारी सकाळी जुन्या डिस्कवरून काम चालू करता यावे, एवढीच त्यामागची खबरदारी होती.

इन्स्टॉलेशन शेवटच्या टप्प्यापर्यंत सुरळीत गेले. ग्रब हा बूटलोडर, म्हणजे यंत्र सुरू होताना प्रणाली चढवणारा प्रोग्राम, बसवण्याची वेळ आली आणि डेबियनचा तो सुप्रसिद्ध लाल पडदा समोर आला: ‘डमी’वर ग्रब बसवता आला नाही, ही गंभीर चूक आहे. हा ‘डमी’ शब्द पाहून अनेक जण गोंधळतात, पण तो केवळ इन्स्टॉलरने भरलेला शब्द आहे, कारण यूईएफआय या नव्या पद्धतीचे फर्मवेअर (यंत्र सुरू होताच सर्वांत आधी चालणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम) असलेल्या यंत्रावर ग्रबला कोणत्या डिस्कवर बसायचे हे सांगावे लागत नाही. ऑल्ट आणि एफ४ दाबून लॉग पाहिला, तेव्हा खरी ओळ सापडली. बूट व्हेरिएबल तयार करता आले नाही, नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस.

शेजारी उभ्या असलेल्या सहायकाने ती ओळ वाचली. “सर, डिस्क तर आज सकाळीच लॅमिंग्टन रोडवरून आणली मी. ती भरेल कशी?”

त्याचा प्रश्न अगदी रास्त होता आणि या सगळ्या प्रकरणाचे मूळही त्यातच आहे. दुसऱ्या कन्सोलवर जाऊन डीएफ ही मोकळी जागा दाखवणारी आज्ञा चालवली तर मूळ विभागात शेकडो गिगाबाइट मोकळे होते, आयनोड (फायलींच्या नोंदींच्या जागा) मुबलक होते आणि बूटच्या फायली ठेवणाऱ्या ईएफआय विभागातल्या ५१२ मेगाबाइटपैकी जेमतेम काही मेगाबाइट वापरलेले होते. म्हणजे संदेश खोटा होता असे नव्हे, तर तो ज्या ‘डिव्हाइस’बद्दल बोलत होता ते डिव्हाइस डिस्क नव्हते. मदरबोर्डवर एक लहानशी फ्लॅश चिप असते, तिच्यात फर्मवेअरचा कोड राहतो आणि तिच्याच एका कोपऱ्यात काही डझन किलोबाइटांचे भांडार असते. कोणत्या डिस्कवरील कोणती फाइल आधी सुरू करायची, सिक्युअर बूटच्या (फक्त स्वाक्षरी असलेलेच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणाऱ्या सोयीच्या) चाव्या कोणत्या, बाद ठरलेल्या स्वाक्षऱ्या कोणत्या, हे सगळे त्या भांडारात व्हेरिएबलांच्या, म्हणजे नावानिशी ठेवलेल्या छोट्या नोंदींच्या, रूपाने ठेवलेले असते. जागा संपली होती ती तिथे.

ही बातमी ग्रबपर्यंत कशी आली, हेही पाहण्याजोगे आहे. ग्रबने एक फाइल लिहायला सांगितली, कर्नेलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, ती मागणी फर्मवेअरच्या भाषेत मांडण्याआधी भांडारातली शिल्लक तपासली आणि ‘साधने संपली’ असा फर्मवेअरचा जो ठरलेला त्रुटीसंकेत असतो तोच निकाल म्हणून दिला. युनिक्सच्या जगात या संकेताला नेमका शब्द नाही, म्हणून कर्नेलने त्याचे भाषांतर आपल्याकडच्या सर्वांत जवळच्या शब्दात केले. त्या भाषांतरात ‘कुठली जागा’ हा तपशील गळून पडला. असे संदेश वाचताना ते कोणाच्या तोंडून आले आहेत हे आधी शोधावे, अशी सवय मला या यंत्राने लावली.

कर्नेल आणि फर्मवेअर यांचा व्यवहार मुळात फार थोड्या काळाचा असतो, हे इथे सविस्तर सांगायला हवे. जुन्या बायोसच्या काळात तो १६ बिटांच्या इंटरप्टांमधून, म्हणजे फर्मवेअरला मारायच्या क्रमांकित हाकांमधून, चाले. डिस्क वाचायची तर १३ एच, स्मृतीचा (रॅमचा) नकाशा हवा तर १५ एच आणि त्यातला ई८२० हा उपक्रमांक. यूईएफआयमध्ये त्याऐवजी सरळ फंक्शनांचे तक्ते आहेत. यंत्र सुरू झाले की फर्मवेअर बूटलोडरला किंवा थेट कर्नेलच्या ईएफआय स्टबला (बूटलोडरशिवाय कर्नेल सुरू करू देणाऱ्या भागाला) एक हँडल आणि सिस्टीम टेबलचा पत्ता देते. त्या टेबलातून दोन वाटा फुटतात, एक बूट सेवांची आणि दुसरी रनटाइम सेवांची. बूट सेवा भरपूर असतात, फाइल वाचणे, पडद्यावर लिहिणे, स्मृती मागणे, सगळे त्यात येते. मात्र कर्नेलला यंत्राचा ताबा घ्यायचा असतो आणि त्या ताब्याचा एक ठरलेला विधी आहे. कर्नेल आधी स्मृतीचा नकाशा मागतो, नकाशाबरोबर त्याला एक चावी-क्रमांक मिळतो आणि मग तो ‘एक्झिट बूट सर्व्हिसेस’ हे फंक्शन त्याच क्रमांकासह हाकतो. या दोन क्षणांच्या मध्ये फर्मवेअरने स्मृतीत काही हलवले असेल, तर क्रमांक जुळत नाही, फर्मवेअर नकार देते आणि कर्नेलला नकाशा पुन्हा मागावा लागतो. जुळला, तर त्या क्षणापासून बूट सेवा संपल्या.

चाळीतली खोली भाड्याने देताना घरमालक कधी कधी पोटमाळा स्वतःच्या कुलपाखाली ठेवतो, तसे फर्मवेअर ताबा देतानाही काही पाने स्वतःकडे राखते. नकाशात ती ‘रनटाइम सेवांचा कोड’ आणि ‘रनटाइम सेवांचा डेटा’ अशा नावांनी दाखवलेली असतात आणि कर्नेलने ती पाने इतर कामाला वापरायची नसतात. कर्नेल त्या पानांना नवे आभासी पत्ते देतो आणि ते फर्मवेअरला कळवतो, पण हे कळवणे एका बूटमध्ये फक्त एकदाच करता येते. त्यानंतर उरतात १४ रनटाइम सेवा आणि त्यांपैकी रोजच्या व्यवहारात खरोखर महत्त्वाच्या थोड्याच. वेळ विचारणे, यंत्र रीसेट करणे, फर्मवेअरच्या अद्ययावतीचे गाठोडे पोहोचवणे आणि व्हेरिएबल वाचणे-लिहिणे. एसीपीआयच्या, म्हणजे हार्डवेअरचे वर्णन करणाऱ्या, तक्त्यांतून फर्मवेअर कर्नेलला बरेच काही सांगते हे खरे, परंतु ते मागे ठेवलेल्या लेखी सूचनांसारखे असते. बूटनंतर कर्नेलने सांगितलेली एखादी गोष्ट फर्मवेअरने वीज गेल्यावरही लक्षात ठेवावी असे वाटले, तर जागा एकच, ते छोटे भांडार.

लिनक्समध्ये हे भांडार एका फोल्डरासारखे दिसते, प्रत्येक व्हेरिएबलची एक फाइल. नव्या कर्नेलांत त्याची एकूण आणि वापरलेली जागा डीएफमध्येही कळते, पण डेबियन १२ च्या ६.१ कर्नेलमध्ये ती सोय नाही, म्हणून आम्हाला ती फोल्डरची यादीच उघडावी लागली. यादीत बूट०००० पासूनच्या नोंदी होत्या, बूटचा क्रम होता, सिक्युअर बूटच्या चाव्या होत्या. आणि त्यांच्याखाली ‘डम्प-टाइप०’ या नावाने सुरू होणाऱ्या तब्बल ४३ फायली होत्या.

ही नावे कर्नेलची होती. कर्नेल कोसळतो तेव्हा डिस्कवर लिहिण्याची त्याची यंत्रणा विश्वासार्ह राहिलेली नसते, म्हणून पीस्टोअर नावाची सोय लॉगचा शेवटचा भाग साधारण एक-एक किलोबाइटच्या तुकड्यांत कापून फर्मवेअरच्या हाती सोपवते, आणि यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर कोणीतरी तो वाचेल अशी आशा ठेवते. पूर्वनिर्धारित मर्यादा १० किलोबाइटांच्या आसपास असल्यामुळे एका अपघाताचे दहा-अकरा तुकडे होतात. डेबियन १० मध्ये ते तुकडे पुढच्या बूटच्या वेळी आपोआप डिस्कवर हलवणारे कोणी नव्हते. ते काम करणारी सिस्टीमडीची (लिनक्समधील सेवा चालवणाऱ्या व्यवस्थेची) सेवा त्यानंतरच्या आवृत्तीत आली. म्हणून प्रत्येक अपघात भांडारात तसाच साठत गेला.

एका फाइलचे नाव मी कागदावर उतरवून घेतले: डम्प-टाइप०-१-१-१७२०५५८०३१-सी. पहिला एक म्हणजे तुकड्याचा क्रमांक, शेवटचा सी म्हणजे मजकूर दाबून लहान केलेला आहे आणि मधली दहा आकडी संख्या म्हणजे १ जानेवारी १९७० पासून मोजलेले सेकंद. त्यांचे भारतीय वेळेत रूपांतर केले, तर १० जुलै २०२४, पहाटेचे २ वाजून १७ मिनिटे ११ सेकंद आले. बाकीच्या नावांतून आणखी तीन वेळा निघाल्या, १९ जुलै, २७ जुलै आणि २ ऑगस्ट, सगळ्या रात्रीच्या.

ग्रंथपालबाईंकडे रोजकीर्दीसारखी एक नोंदवही आहे, तिच्यात दिवसभरातली प्रत्येक अडचण शाईने लिहिलेली असते. मी तारखा वाचत गेलो आणि त्या पाने उलटत गेल्या. १० जुलै: “रात्री लाइट गेली असावी, कॅटलॉग हाताने सुरू केला.” त्याआधी दोनच दिवस, ८ जुलैच्या पहाटे, मुंबईत काही ठिकाणी सहा तासांत ३०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला होता आणि लोकल ठप्प झाल्या होत्या, त्यामुळे दोष पावसावर गेला यात कोणाचीच चूक नव्हती. १९, २७ आणि २ या तारखांनाही तशाच नोंदी होत्या. पण वहीत आणखी दोन होत्या, ६ ऑगस्ट आणि ९ ऑगस्ट.

“म्हणजे या दोन वेळा खरंच लाइट गेली होती का?” बाईंनी विचारले.

“नाही मॅडम, तेव्हाही तेच झालं असणार. पण लिहून ठेवायला जागा उरली नव्हती,” मी सांगितले, आणि ते सांगताना मलाच वाईट वाटले. मदरबोर्डच्या भांडारापेक्षा त्यांची वही अधिक पूर्ण निघाली होती आणि ती मी कधी वाचली नव्हती.

जागा खरोखर शून्यावर आली होती का? नव्हती. कर्नेल ती शून्यावर येऊच देत नाही आणि त्यामागे एक कडू अनुभव आहे. २०१३ च्या सुरुवातीला सॅमसंगच्या काही लॅपटॉपांवर लिनक्स सुरू केल्यानंतर ते कायमचे निकामी झाल्याच्या तक्रारी आल्या. प्रथम संशय लिनक्समधल्या त्या लॅपटॉपांच्या ड्रायव्हरवर गेला. पुढे मॅथ्यू गॅरेट या कर्नेल विकसकाने दाखवून दिले की विंडोजमधूनही भरपूर व्हेरिएबल लिहिली, तर ते यंत्र तसेच मरते. भांडार फार भरले की तिथले फर्मवेअर सुरूच होऊ शकत नव्हते. यूईएफआयच्या विनिर्देशानुसार व्हेरिएबल लिहिणे ही पूर्ण वैध कृती आहे, दोष फर्मवेअरचा होता, परंतु मेलेल्या मदरबोर्डापुढे ‘चूक तुमची’ म्हणून काही साधत नाही. म्हणून कर्नेलने स्वतःवरच बंधन घातले: एक्स८६ (इंटेल-एएमडी प्रोसेसरच्या) यंत्रांवर लिहिल्यानंतर ५ किलोबाइटांपेक्षा कमी जागा उरणार असेल, तर लिहायचेच नाही. आमच्या सर्व्हरवर नकार आला तो या बंधनामुळे. पीस्टोअरही त्याच बंधनाखाली असल्यामुळे शेवटच्या दोन अपघातांची नोंद झाली नाही.

मला हे बंधन फार समंजस वाटते. समोरच्याची यंत्रणा कच्ची असू शकते हे गृहीत धरून आपले पाऊल आधीच थांबवणे, हे चांगल्या व्यवस्थेचे लक्षण आहे.

पुढचे काम काळजीचे होते. फायली पुसण्याआधी त्यांतला पुरावा वाचायचा होता आणि तो दाबलेल्या स्वरूपात होता. फर्मवेअरच्या बूट मेन्यूतून जुनी डिस्क निवडून डेबियन १० सुरू केले. तिथे पीस्टोअरच्या फोल्डरात हेच तुकडे उलगडलेल्या मजकुराच्या रूपात दिसतात. सगळे पेन ड्राइव्हवर उतरवले. चारही अपघातांचा शेवट एकाच ओळीने होत होता, फेटल मशीन चेक, म्हणजे प्रोसेसरने स्वतःच हार्डवेअरचा असा दोष कळवला होता की ज्यातून सावरणे शक्य नव्हते. त्याच्या वरच्या ओळी स्मृतीकडे बोट दाखवत होत्या.

मग मी पीस्टोअरच्या फोल्डरातल्या ४३ फायली पुसल्या. तिथली फाइल पुसली की कर्नेल त्या जोडीचे व्हेरिएबलही फर्मवेअरकडून काढवून घेतो. हे पुसणे निर्धोक आहे, पण त्याच वेळी व्हेरिएबलांच्या मूळ फोल्डरात सरसकट हात घालू नये. २०१६ साली सगळी व्यवस्था पुसण्याची आज्ञा देताना त्या फोल्डरातली व्हेरिएबलेही पुसली गेली आणि एक लॅपटॉप निकामी झाला. तेव्हापासून लिनक्स तिथल्या बहुतेक फायलींना न बदलता येण्याची खूण लावून ठेवतो. कर्नेलने स्वतःच लिहिलेले हे तुकडे त्यातून वगळलेले आहेत.

पुसून झाल्यावर एक चाचणीची बूट नोंद लिहून पाहिली. पुन्हा तोच नकार, जागा नाही. सहायकाचा चेहरा उतरला. मला मात्र याची थोडी कल्पना होती. फ्लॅश चिपमध्ये एखादी ओळ खोडरबराने पुसावी तसे पुसता येत नाही. तिथे एक मोठा ठोकळा एकदमच पुसावा लागतो आणि प्रत्येक पुसण्याने चिप थोडी झिजते. म्हणून फर्मवेअर व्हेरिएबल पुसताना त्याच्यावर फक्त ‘रद्द’ अशी खूण करते आणि नव्या नोंदी पुढे पुढे लिहीत जाते. रद्द झालेल्या नोंदी गाळून भांडार नव्याने रचण्याचे काम नंतर, आपल्या सवडीने होते. कर्नेलला हे माहीत असते, म्हणून तो नकार देण्यापूर्वी एक युक्ती करतो. उपलब्ध जागेपेक्षा मोठे असे एक खोटे व्हेरिएबल लिहायचा प्रयत्न करतो, जेणेकरून फर्मवेअरला सफाई करणे भाग पडावे. काही फर्मवेअर त्याला प्रतिसाद देतात. आमचे देत नव्हते, ते सफाई फक्त सुरू होताना करत असावे.

त्या क्षणी एक सोपा मार्ग हाताशी होता. कर्नेलला बूटच्या वेळी एक पर्याय देऊन ही ५ किलोबाइटांची राखण बंद करता येते आणि इंटरनेटवर तो उपाय सर्रास सुचवला जातो. त्या पर्यायाच्या नावातच ‘पॅरानोइया’ हा शब्द आहे, त्यामुळे तो बंद करणे म्हणजे नसती भीती काढून टाकणे असे वाटू शकते. मी तो वापरला नाही. आपले फर्मवेअर भांडार काठोकाठ भरल्यावर नीट वागते, याची खात्री ते काठोकाठ भरूनच करता येते आणि खात्री चुकली तर सोमवारच्या संध्याकाळी दादरमध्ये दुसरा तसा मदरबोर्ड मिळणार नव्हता. त्यापेक्षा यंत्र नीट बंद केले, तीस सेकंद थांबलो आणि पुन्हा सुरू केले. त्या खेपेला पहिला लोगो येण्यास नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ लागला. चाचणीची नोंद लिहिली, ती लगेच लिहिली गेली. ती काढून टाकली, इन्स्टॉलर पुन्हा चालवला आणि ग्रब निमूटपणे बसला.

स्मृतीचा प्रश्न सुटेपर्यंत मात्र नव्या डिस्कवर माहिती हलवायची नाही, असे मी बाईंना सांगितले. दोषी स्मृतीतून जाणारी प्रत्येक प्रत संशयास्पद असते. रॅमच्या चार पट्ट्यांपैकी दोन-दोन ठेवून रात्रभर चाचण्या केल्या आणि बुधवारपर्यंत एका पट्टीवर येऊन थांबलो. तिच्या सोनेरी दातांवर, खिडकीच्या बाजूच्या टोकाला, पुसट हिरवट थर होता. सर्व्हर ज्या कोपऱ्यात आहे तिथली खिडकी पश्चिमेची आहे आणि शिवाजी पार्ककडून येणारा खारा वारा पावसाळाभर आत येतो. खोडरबराने दात घासून पट्टी परत बसवण्याची आपल्याकडे रीत आहे. मी ती केली नाही, पट्टी बदलली आणि टॉवर खिडकीपासून आतल्या भिंतीकडे हलवला.

डेबियन १२ मध्ये पीस्टोअरचे तुकडे प्रत्येक बूटच्या वेळी डिस्कवरच्या एका फोल्डरात हलवले जातात आणि फर्मवेअरच्या भांडारातून काढले जातात. त्या फोल्डरात काहीही आले, तर मला ईमेल यावी अशी एक छोटी स्क्रिप्ट लावली आहे. ग्रंथपालबाईंनी नोंदवहीत एक नवा रकाना आखला आहे, ‘सर्व्हर स्वतः सुरू झाला का’, आणि दर सोमवारी त्या रकान्याचा फोटो मला पाठवतात.